गळीत हंगामासाठी मेंटेनन्स टीमला मोजता येतील अशी उद्दिष्टं कशी ठरवायची?

डेप्युटी_मिलहाउस

नमस्कार मंडळी. सहकारी साखर कारखाना, ५००० टीसीडी (दिवसाला इतके टन ऊस गाळप), चार मिलचा एकच टँडम (एकामागोमाग लावलेल्या मिलची रांग), बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणारा एक बॉयलर, दोन आयडी फॅन (बॉयलरचा धूर ओढणारे पंखे). संचालक मंडळाने ठराव केलाय की येत्या हंगामात ब्रेकडाउन २० टक्क्यांनी कमी झाले पाहिजेत. चीफ इंजिनिअर साहेबांनी त्यावरून मिल, बॉयलर, पॉवर हाउस, इलेक्ट्रिकल आणि बॉयलिंग हाउस या सगळ्या गटांना लेखी उद्दिष्टं द्यायला सांगितलं आहे. दर पंधरवड्याला आढावा होणार.

गेल्या हंगामाचे आकडे असे. १३० दिवस, म्हणजे ३१२० तास. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि बॉयलर मिळून ९६ तासांचे थांबे, एकूण १४२ वेळा. त्याखेरीज 'ऊस नाही' ६१ तास आणि जनरल क्लीनिंग (साफसफाईसाठी ठरवून घेतलेला थांबा) ३२ तास. ९६ तासांची लांबीनुसार फोड:

२० मिनिटांपेक्षा कमी: ८८ थांबे, १७ तास
२० मिनिटं ते २ तास: ४७ थांबे, ४१ तास
२ तासांपेक्षा जास्त: ७ थांबे, ३८ तास

माझा कच्चा मसुदा: थांबे ९६ वरून ७७ तासांवर आणणे, एमटीटीआर (दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ) ४० मिनिटांवरून ३० वर आणणे, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (बिघाडाआधीच ठरलेल्या मुदतीने करायची देखभाल) १०० टक्के, आणि ऑफसीझनची सगळी कामं ३० सप्टेंबरपूर्वी पूर्ण. हे गटांमध्ये कसं वाटायचं, आणि याला प्रोत्साहन भत्ता जोडावा का, यावर जाणकारांनी सांगावं.

---

गव्हाण_ते_गोदाम

डेप्युटी साहेब, थांब्यांची लांबीनुसार फोड तुमच्या हातात आहे, त्यामुळे निम्मं काम सोपं झालं. पण मसुद्यातले पहिले दोन आकडे असेच्या असे फोरमनच्या हातात देऊ नका.

आधी एमटीटीआर बघा. ९६ तास भागिले १४२, म्हणजे साधारण ४०.६ मिनिटं. पण ४० मिनिटांत सुटणारा थांबा तुमच्याकडे नावाला असेल. ८८ थांब्यांची सरासरी जेमतेम १२ मिनिटं, ४७ थांब्यांची ५२ मिनिटं आणि सात थांब्यांची जवळपास साडेपाच तास. हे तीन वेगळे आजार आहेत. लहान थांबे बहुतेक चोक होण्याचे असतात: डोनेली च्यूट (मिलमध्ये ऊस सोडणारी उभी नळी), रेक कॅरिअर (एका मिलमधून दुसरीकडे बगॅस नेणारा वाहक), बॉयलरचा बगॅस फीडर. तिथे फिटरपेक्षा फीड कंट्रोल, लेव्हलरची (कॅरिअरवरचा उसाचा थर सपाट करणाऱ्या यंत्राची) उंची आणि उसातली माती-पाचट यांचा हात मोठा. मधले थांबे साखळीची पिन, कपलिंगचे बोल्ट, स्क्रेपर, ग्लँड (शाफ्टभोवतीचं सील) गळणे असे. तिथे फिटरचा आणि स्टोअरचा वेग दिसतो. मोठे सात थांबे मात्र ऑफसीझनमध्ये जन्माला आलेले असतात. त्या सातचे चार झाले तरी सुमारे १६ तास वाचतात, म्हणजे संचालक मंडळाने मागितलेल्या १९ तासांपैकी बहुतेक.

इथे एक धोका आहे. ७ ही मोजणी इतकी लहान आहे की काहीही न करता पुढच्या हंगामात ४ येतील किंवा १० येतील. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार साधारण त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो, आणि ७ चं वर्गमूळ २.६. म्हणून मोठ्या थांब्यांसाठी संख्येचं उद्दिष्ट देऊ नका. उद्दिष्ट असं लिहा: 'दोन तासांवरच्या प्रत्येक थांब्याचं कारण ७२ तासांत लेखी, त्यावरचं काम पुढच्या क्लीनिंगमध्ये पूर्ण, आणि तेच कारण हंगामात पुन्हा शून्य वेळा.' हे गटाच्या हातात आहे आणि हो किंवा नाही असं तपासता येतं.

पंधरवड्याच्या आढाव्यालाही हाच हिशेब लागतो. १४२ थांबे १३० दिवसांत, म्हणजे पंधरवड्याला १६ च्या आसपास. १२ ते २० हा पट्टा निव्वळ नशिबाचा. १३ आले म्हणून शाबासकी आणि १९ आले म्हणून मेमो, असं केलं की दोन-तीन आढाव्यांनंतर लोक आकड्यांवर विश्वास ठेवणं सोडतात. शिवाय हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात थांबे जास्तच येतात, कारण नव्याने जुळवलेली यंत्रं बसायला वेळ घेतात. पहिल्या पंधरवड्याची तुलना मागच्या वर्षीच्या पहिल्या पंधरवड्याशीच करा.

आता व्याख्या. हे कागदावर आलं नाही तर बाकी सगळं फुकट. थांबा कधी सुरू झाला? पहिल्या मिलचा फीड तुटला त्या मिनिटाला. कधी संपला? ताशी गाळप ठरलेल्या दराच्या ८० टक्क्यांवर परत आलं त्या मिनिटाला. वेळ लॉगबुकातून घेऊ नका, पहिल्या मिलच्या मोटरच्या करंटचा ट्रेंड काढा. गेल्या हंगामाचं लॉगबुक उघडून पाहा: थांब्यांच्या वेळा ००, १५, ३०, ४५ वरच संपत असतील तर तुमचे १७ तास खरे १७ आहेत की नाहीत हीच शंका आहे.

कोणाच्या खात्यावर टाकायचं हेही आधी ठरवा. ट्रॅश प्लेट (मिलच्या रोलरमधून बगॅस पुढे सरकवणारी पट्टी) तुटून मिल तीन तास बंद राहिली, दुरुस्ती झाली तेव्हा यार्डात गाड्याच नव्हत्या आणि आणखी ४० मिनिटं गेली. मग 'यंत्र तयार' ही वेळ वेगळी नोंदवा. तिथपर्यंत मिल गट, तिथून पुढे शेतकी विभाग. तसंच स्टीम कमी पडून मिल थांबली तर त्या शिफ्टचा प्रयोगशाळेचा बगॅस मॉइश्चर बघा. ५२ टक्क्यांच्या वर असेल तर तो थांबा बॉयलरच्या नावावर टाकणं अन्याय आहे. ओला बगॅस मिलकडूनच आलेला असतो. ४८ ते ५० च्या दरम्यान असेल तर बॉयलरने उत्तर द्यावं.

आणि जे थांब्यात मोजलंच जात नाही ते: कमी दराने गाळप. ५००० टीसीडी म्हणजे ताशी २०८ टन. एखाद्या शिफ्टमध्ये बेअरिंग गरम होतंय म्हणून ताशी १७० टनांवर चालवलं, तर ८ तासांत ३८ भागिले २०८ गुणिले ८, म्हणजे दीड तासाच्या जवळपास गाळप गेलं आणि लॉगबुकात थांबा शून्य. नुसत्या थांब्यांचं उद्दिष्ट दिलं की टीम मिल थांबवून दुरुस्त करण्यापेक्षा रेटत नेते. म्हणून 'थांब्याचे तास अधिक कमी दराचे समतुल्य तास' असा एकच आकडा धरा.

---

रोलर_फोरमन

वरच्या साहेबांचं म्हणणं बरोबर. मी ऑफसीझनपुरतं लिहितो, कारण 'सगळी कामं ३० सप्टेंबरपूर्वी पूर्ण' हे उद्दिष्ट मोजता येत नाही. 'पूर्ण' म्हणजे काय, यावरच दरवर्षी वाद.

तारीख बॉयलर अग्निप्रदीपनापासून (हंगामाआधी बॉयलर पेटवण्यापासून) उलटी मोजा. हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समिती ठरवते, ते आपल्या हातात नाही. पण अग्निप्रदीपन बहुतेक ठिकाणी दसऱ्याच्या आसपास असतं. त्याच्या १५ दिवस आधी सगळ्या नो-लोड (भाराविना) ट्रायल संपलेल्या हव्यात. त्याच्या दीड महिना आधी जोडणी सुरू. आणि सगळ्यात महत्त्वाची तारीख सगळ्यात आधीची: उघडून मोजमाप घेतल्याचे अहवाल मेअखेर, मागणीपत्रकं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. रोलरचं शेलिंग (नवं कवच चढवणं) आणि ग्रूव्हिंग (खाचा पाडणं), मोठ्या गिअरचे दाते, फॅनचा इम्पेलर यांना बाहेर महिनोन्महिने लागतात. जुलैत मागणी गेली की सप्टेंबरात घाई ठरलेली, आणि घाईत लावलेला भाग डिसेंबरात तुटतो. म्हणून मिल गटाचं पहिलं उद्दिष्ट: 'मेअखेर किती टक्के यंत्रांचा मोजमाप अहवाल आला.' अहवालात आकडे हवेत. 'ठीक आहे', 'झीज आहे' असं लिहिलेला कागद मोजू नका.

'पूर्ण' म्हणजे ठरलेलं रीडिंग आलं आणि ते ज्याने काम केलं त्याच्याखेरीज दुसऱ्याने घेतलं. काही नमुने देतो.

कॅरिअरची साखळी: ताणलेल्या स्थितीत १० पिच मोजा. २०० मिमी पिच असेल तर नवी साखळी २००० मिमी भरते. २०४० झाली, म्हणजे २ टक्के लांबली, की बदलीच्या यादीत. २ टक्क्यांच्या आत असली तरी डावी आणि उजवी साखळी वेगवेगळी मोजा. दोन्हींत फरक पडला की स्लॅट तिरके चालतात, एका बाजूच्या स्प्रॉकेटवर भार येतो आणि पिन तुटते ती नेहमी त्याच बाजूची. त्यामुळे एक बाजू बदलायची वेळ आली की दोन्ही बदला. जुनी आणि नवी साखळी जोडीने लावली की फरक पहिल्या दिवसापासूनच सुरू.

मिल सेटिंग: रोलरचा प्रत्यक्ष सरासरी व्यास मोजून सेटिंग काढलेलं हवं. बाहेरचा व्यास वजा ग्रूव्हची खोली. मागच्या वर्षीचा तक्ता तसाच उतरवला आणि रोलर दरम्यान लेथवर टर्न झाला असेल तर ट्रॅश प्लेटचा गॅप चुकतो. मग एकतर मिल घसरते, नाहीतर ट्रॅश प्लेटवर दाब येऊन ती वाकते. तक्त्यावर चारही मिलचे व्यास, मोजल्याची तारीख आणि मोजणाऱ्याची सही, हे उद्दिष्टात लिहा.

जर्नल (रोलरच्या शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा भाग) आणि गनमेटल बेअरिंग: जर्नलचा व्यास तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. बेअरिंगचं पाण्याचं जॅकेट दाबाखाली तपासलेलं. जॅकेटमधून बारीक गळती असली तर थंड करायचं पाणीच वंगण धुऊन नेतं, आणि बेअरिंग गरम का होतंय हे शोधण्यात हंगामाचे पहिले आठ दिवस जातात.

फायब्रायझरचे (ऊस कुटून तंतू करणाऱ्या यंत्राचे) हॅमर: हार्डफेसिंग (कडक धातूचा थर चढवणं) झाल्यावर प्रत्येकाचं वजन करून समोरासमोरच्या जोड्या लावायच्या. जोडीतला फरक किती चालेल ते तुमच्या मशीनच्या मॅन्युअलवरून ठरवा आणि वजनांची यादी जोडा. यादी नसेल तर ते काम अपूर्ण.

ट्रायल: चार तास नो-लोड, दर अर्ध्या तासाला बेअरिंगचं तापमान. शेवटच्या तासात तापमान स्थिर व्हायला हवं. चढतच असेल तर ट्रायल नापास. आयडी फॅनला कंपन ४.५ मिमी प्रति सेकंदाच्या आत. थंड हवा जड असते, म्हणून डँपर बंद ठेवून सुरू करा, नाहीतर मोटर ट्रिप होईल आणि दोष इलेक्ट्रिकलच्या माथी येईल. इथलं उद्दिष्ट: 'पहिल्याच ट्रायलमध्ये पास झालेल्या यंत्रांची टक्केवारी.' कामाच्या दर्जाबद्दल इतकं खरं बोलणारा दुसरा आकडा मला माहीत नाही.

ग्रीस: 'ग्रीसिंग वेळेवर' एवढं पुरत नाही, किती ग्रॅम तेही हवं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, मापं मिमीत, उत्तर ग्रॅममध्ये. उदाहरणार्थ २२२२० बेअरिंग: १८० गुणिले ४६ गुणिले ०.००५, म्हणजे ४१ ग्रॅम. आता हातातल्या ग्रीस गनचे १० दट्टे (दाबण्याचे १० फेरे) एका कागदावर काढा आणि प्रयोगशाळेच्या काट्यावर वजन करा. १४ ग्रॅम भरलं तर एका दट्ट्याला १.४ ग्रॅम, म्हणजे या बेअरिंगला २९ ते ३० दट्टे. प्रत्येक गनचं वजन वेगळं येतं, म्हणून गनवरच रंगाने आकडा लिहा आणि यंत्राजवळच्या पाटीवर दट्टे. ग्रीस कोणतं तेही पाटीवर हवं. वेगवेगळ्या साबणाची (ग्रीस घट्ट करणाऱ्या घटकाची) ग्रीस एकत्र झाली की पातळ होऊन सीलमधून बाहेर येतात. जास्त भरलं तरी वाईटच: वेगाने फिरणारं बेअरिंग ग्रीस घुसळून गरम होतं आणि पाहणारा म्हणतो 'ग्रीस कमी आहे', की पुन्हा भरणं.

---

डेप्युटी_मिलहाउस

दोघांचे मनापासून आभार. ग्रीसची पाटी तर उद्यापासूनच करायला घेतो. दोन शंका. एक, ऑइलमन आणि खलाशी (मदतनीस) बहुतेक हंगामी आहेत, ते ऑक्टोबरातच हजर होतात. त्यांना उद्दिष्ट कसलं द्यायचं? दुसरी, स्टोअर दरवर्षी 'क्रिटिकल स्पेअर ९८ टक्के उपलब्ध' असा अहवाल देतं आणि तरी रात्री दोनला हवा तो भाग मिळत नाही.

---

नियोजन_कक्ष

स्पेअरचं आधी सांगतो, कारण तुमच्या सात मोठ्या थांब्यांचं मूळ तिथे असण्याची शक्यता बरीच.

स्टोअरची टक्केवारी लेजरवरून निघते. लेजरमध्ये कपलिंग असतं. प्रत्यक्षात त्याचा बोअर तयार नसतो किंवा की-वे दुसऱ्याच मापाचा असतो. म्हणून व्याख्या बदला: 'उपलब्ध' म्हणजे हातात घेऊन मापलेला, ड्रॉइंगशी जुळलेला, यंत्राचं नाव लिहिलेली चिठ्ठी बांधलेला आणि रात्रपाळीच्या शिफ्ट इंजिनिअरला किल्ली मिळेल अशा जागी असलेला भाग. यादी लहान ठेवा, ४० ते ६० वस्तूंपेक्षा जास्त नको. यादीत जायची कसोटी एकच: हा भाग नसेल तर टँडम चार तासांपेक्षा जास्त थांबेल का? मोळी टाकण्याच्या (गाळप सुरू करण्याच्या) १० दिवस आधी मिल फोरमन आणि स्टोअरकीपर दोघांनी मिळून ही यादी हाताने तपासायची. उद्दिष्ट १०० टक्के, आणि इथे १०० खरंच १०० हवं. हंगामात एखादा भाग वापरला गेला की त्याची भरपाई किती दिवसांत झाली, तोही आकडा ठेवा.

थांब्याच्या वेळेचे तुकडे केलेत तर ही गोष्ट लगेच उघडी पडते. २० मिनिटांवरच्या प्रत्येक थांब्याला या पाच वेळांची नोंद करा: कळलं कधी, कारण सापडलं कधी, भाग हातात आला कधी, काम संपलं कधी, मिल चालू झाली कधी. ४७ मधल्या थांब्यांवर हे केलंत तर फिटर प्रत्यक्ष पाना फिरवत होता तो वेळ किती थोडा होता ते दिसेल. 'एमटीटीआर ३० मिनिटं' म्हणण्याऐवजी 'भाग हातात यायला १० मिनिटांपेक्षा जास्त लागलेले थांबे' मोजा. हे उद्दिष्ट स्टोअरचं, फिटरचं नाही.

प्रिव्हेंटिव्ह १०० टक्के बद्दल: मुदतीच्या १० टक्के मागेपुढे झालं तरच 'वेळेवर' धरा. मासिक काम तीन दिवसांच्या आत, साप्ताहिक काम साधारण १७ तासांच्या आत. नाहीतर महिन्याची सगळी कामं २९ तारखेला होतात आणि तक्ता हिरवा दिसतो. १०० चा आग्रह धरलात की १०० येतीलच, पण कागदावर. ९० ठेवा आणि सोबत दुसरा आकडा ठेवा: फेऱ्यांमध्ये किती दोष सापडले. महिनाभर फेऱ्या झाल्या आणि एकही ढिला बोल्ट, एकही गळती, एकही गरम बेअरिंग सापडलं नाही, तर फेरी झाली नाही किंवा यादी निरुपयोगी आहे. साखर कारखान्यात शून्य दोष सापडणं शक्य नाही. दर महिन्याला 'फेरीत सापडलेले दोष' आणि 'थांबा होऊन कळलेले दोष' शेजारी लिहा. पहिला आकडा वाढत आणि दुसरा कमी होत गेला पाहिजे.

जनरल क्लीनिंगच्या थांब्याला वेगळं उद्दिष्ट द्या. कामांची यादी ४८ तास आधी गोठवायची, त्यानंतर आलेलं काम 'आयत्या वेळचं' म्हणून वेगळं मोजायचं. यादीतली ८५ टक्के कामं त्याच थांब्यात पूर्ण. आणि मिल चालू झाल्यावर पहिल्या २४ तासांत त्या कामांमुळे थांबा शून्य. हा तिसरा भाग वगळू नका, नाहीतर पहिल्या दोन आकड्यांसाठी अर्धवट कामं होतात.

---

मेगर_आणि_क्लॅम्पमीटर

इलेक्ट्रिकलचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या गटाला 'इलेक्ट्रिकल थांबे' एवढा एकच आकडा देऊ नका. ओव्हरलोडवर मोटर ट्रिप झाली की नोंद इलेक्ट्रिकलच्या नावावर होते. रिले ठरलेल्या सेटिंगवर ट्रिप झाला असेल तर रिलेने आपलं काम केलं. कारण चोक किंवा जाम बेअरिंग. ट्रिपच्या क्षणाचा करंट नोंदवा आणि मग खातं ठरवा. हे ठरलं नाही तर काही ठिकाणी आकडा कमी दिसावा म्हणून रिलेचं सेटिंगच वर चढवलं जातं आणि मोटर जळते. हंगाम सुरू होताना सगळ्या रिलेची सेटिंग लिहून ठेवा; महिन्याच्या तपासणीत त्यात फरक शून्य असावा.

ऑफसीझनचं उद्दिष्ट पावसाळ्याभोवती बांधा. जून ते सप्टेंबर मोटरी बंद असतात आणि ओल खातात. ४१५ व्होल्टच्या मोटरींना ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजा; किमान ५ मेगाओम, रीडिंग ४० अंश सेल्सिअसच्या हिशेबात आणून. फक्त ट्रायलच्या आदल्या दिवशी मोजून भागत नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी तीन रीडिंग एका ओळीत ठेवा. २०० वरून ६० आणि ६० वरून १२ असं उतरत असेल तर अजून 'पास' आहे, पण आत ओल जातेय. स्पेस हीटर चालू आहे का बघा, केबल ग्लँडमधून (केबल आत शिरते तिथल्या सीलमधून) बॉक्समध्ये पाणी शिरतंय का बघा. एचटी (उच्च व्होल्टेजच्या) मोटरला १०० मेगाओम आणि पोलरायझेशन इंडेक्स (दहाव्या मिनिटाचं रीडिंग भागिले पहिल्या मिनिटाचं) २ च्या वर.

हंगामात थर्मोग्राफी (उष्णता दाखवणारे फोटो) महिन्यातून एकदा, पूर्ण लोडवर. सारख्याच लोडच्या दोन फेजच्या टर्मिनलमध्ये ४ ते १५ अंश फरक असेल तर पुढच्या क्लीनिंगच्या यादीत. १५ च्या वर असेल तर वाट बघायची नाही. उद्दिष्ट: '१५ अंशांवरचे सांधे २४ तासांत बंद, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा फोटो.' दुसरा फोटो नसेल तर नोंद उघडीच राहील.

---

रात्रपाळी_इंजिनिअर

भत्त्याचा प्रश्न राहिला आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

थांब्याच्या तासांना किंवा एमटीटीआरला भत्ता जोडू नका. कृपा करून नका. रात्री तीन वाजता डोनेली च्यूट चोक झाली, तर नीट करायचं म्हणजे मिल बंद, ड्राइव्ह आयसोलेट, कुलूप, पाटी, चालू होत नाही ना हे एकदा बटण दाबून बघणं आणि मगच हात किंवा पहार आत. त्याला आठ-दहा मिनिटं लागतात. तुमच्या यादीतल्या १२ मिनिटांच्या थांब्यांत ही मिनिटं दिसतायत का, ते तपासा. दिसत नसतील तर कोणीतरी फिरत्या रोलरसमोर पहार घालतोय. त्यावर 'आणखी लवकर' असं उद्दिष्ट आणि वर पैसे दिले तर माणूस जाईल. कुलपाची वेळ दुरुस्तीच्या वेळेतून वगळा, तिची स्वतंत्र नोंद ठेवा आणि तिथलं उद्दिष्ट लिहा: प्रत्येक कामाला कुलूप, १०० टक्के, शिफ्ट इंजिनिअरने आठवड्यातून पाच कामं अचानक जाऊन बघायची. कुलूप नसलेलं एकही काम सापडलं तर त्या पंधरवड्यात बाकीचे सगळे आकडे गौण.

भत्ता द्यायचाच असेल तर तो सगळ्या गटांना मिळून, पूर्ण हंगामाच्या एकत्रित तासांवर द्या, आणि तोही प्रमाणात लहान ठेवा. गटवार दिला की मिल आणि इलेक्ट्रिकल एकमेकांच्या खात्यावर मिनिटं ढकलण्यात हंगाम घालवतील. वर 'ऊस नाही' हे ६१ तासांचं खातं आहेच. त्यात काय काय लपवता येतं ते मी लिहायची गरज नाही.

हंगामी ऑइलमनबद्दल. ते ऑक्टोबरात आले की पहिले तीन दिवस त्यांना यंत्र चालू नसताना मार्ग चालवून दाखवा: कोणत्या पॉइंटला किती दट्टे, कोणत्या बेअरिंगवर कुठे हात किंवा थर्मामीटर लावायचा, कोणत्या आवाजाला फोरमनला बोलवायचं. उद्दिष्ट दोनच द्या. ठरलेल्या मार्गावरचे सगळे पॉइंट शिफ्टमध्ये झाले का, आणि किती दोष कळवले. दुसऱ्याला वरची मर्यादा नको. दोष कळवला म्हणून कोणी झापलं तर पुढचा दोष कळणार नाही, हे फोरमनला लेखी सांगा. ऑइलमन यंत्राच्या जवळ दिवसभर असतो; त्याला बेअरिंगचा बदललेला आवाज मीटरच्या आधी कळतो. त्याच्या नावाने कळवलेला दोष फलकावर लागला, त्यावर काय केलं ते शेजारी लिहिलं गेलं, की पुढच्या आठवड्यात बाकीचेही कळवायला लागतात.

---

डेप्युटी_मिलहाउस

मसुदा बदलतोय. फोरमनच्या पातळीवर थांब्यांचे तास काढून टाकतो. ते चीफ साहेब आणि माझ्या नावावर राहतील. एक विचारायचं राहिलं: फलक कितीचा करावा? आता माझ्या यादीत एकूण २३ आकडे झालेत.

---

नियोजन_कक्ष

प्रत्येक गटाला चार. मिलला उदाहरणार्थ: पहिल्या ट्रायलमध्ये पास, फेरी वेळेवर आणि सोबत सापडलेले दोष, मोठ्या थांब्यांच्या कारणांची पूर्तता, कुलूप. ऑफसीझनचा आकडा मोळी टाकल्यावर फलकावरून उतरवा आणि त्या जागी क्लीनिंगच्या यादीचा चढवा. बाकीचे आकडे तुमच्या फाईलमध्ये राहू द्या. गट बिघडतोय असं वाटलं तेव्हा उघडून बघायला ते लागतातच. फलक मिल हाउसमध्ये लावा, ऑफिसात नको, आणि रोज सकाळी पहिल्या पाळीच्या फोरमननेच स्वतःच्या हाताने आकडा भरावा.

---

रोलर_फोरमन

एक दुरुस्ती सुचवतो. आयडी फॅनचं ४.५ मी ट्रायलपुरतं लिहिलं होतं. हंगामात राखेने ब्लेड झिजतात आणि कंपन हळूहळू वाढतं, त्यामुळे रोजचं रीडिंग एकाच जागी, एकाच दिशेने, खूण करून घ्या. ७.१ ला पुढचं क्लीनिंग किंवा त्याआधीचा थांबा पकडून बॅलन्सिंग. पण त्याहून कमी असलं तरी दोन दिवसांत दुप्पट झालं, म्हणजे समजा २ वरून ४, तर आकडा मर्यादेत आहे म्हणून गप्प बसू नका. ब्लेडवर साचलेला थर एका बाजूचा पडला असेल किंवा फाउंडेशनचा बोल्ट ढिला असेल. आधी बोल्ट बघा, त्याला पाच मिनिटं लागतात.